संध्याकाळचा आकडा

यंत्रावर आकडा उमटला आणि नूरजहांनं आधी नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. डोळ्यांकडं नव्हे, तोंडाकडं. मिशीच्या टोकाला, ओठांच्या कोपऱ्यात, पुढच्या दोन दातांमधल्या फटीत तांबूस-पिवळं काही चिकटलंय का, ते. काही नव्हतं. चांदसाहेब उंबऱ्याच्या आत, एक चप्पल पायात नि एक बाहेर अशा अवस्थेत उभे होते आणि त्यांच्या उजव्या हाताचं बोट अजून तिच्या मुठीत होतं. बाहेर सांगलीच्या खणभागातल्या बोळातून कुणाची तरी मोटारसायकल गेली. तिच्या आवाजात ते काहीतरी बोलले, ते तिला ऐकू आलं नाही, आणि ऐकू आलं नाही म्हणूनच ते महत्त्वाचं असणार असं तिला वाटलं.

"काय म्हनलासा?"

"किती आली, म्हनलं."

तिनं यंत्र त्यांच्या नाकासमोर धरलं. तीनशे शहाऐंशी. सकाळी फजरची नमाज पढून आलेल्या ह्याच माणसाची, ह्याच बोटाची साखर एकशे वीसच्या आत होती.

"काय खाल्लंसा?"

"तू दिल्यालं."

"आनि?"

"आनि काय न्हाई."

हे 'काय न्हाई' ती लग्न झाल्यापासून ऐकत आली होती. काय झालं? काय न्हाई. कुठं गेलता? कुठं न्हाई. कुणाशी भांडून आला, कुणी टाकून बोललं, कुठं मन लागत नाही, सगळ्याला ह्या माणसाकडं एकच झाकण. एवढी वर्षं तिनं ते झाकण उचलून पाहिलं नव्हतं, कारण आत काही असेल असं तिला वाटलंच नव्हतं. आता मात्र हातात यंत्र होतं. यंत्राला थेंबभर रक्त पुरायचं आणि ते आतलं सगळं बाहेर काढून दाखवायचं. तिनं शोएबला फोन लावला. मुलगा साताऱ्याला एका कारखान्यात नोकरीला होता, आणि अब्बाची साखर किती आली की संध्याकाळची इन्सुलिनची सुई किती घ्यायची, ते फोनवर सांगायचा. त्यानं आकडा ऐकला, चुकचुकला आणि चार युनिट वाढवून सांगितले. "अम्मी, बघ जरा. अब्बा मार्केटात काय खात्यात ते बघ," म्हणाला. म्हणजे पोराच्याही मनात तेच होतं. तिला एकदम बरं वाटलं, आणि बरं वाटलं ह्याची लाजही वाटली.

चांदसाहेबांचा सगळा जन्म गुळात गेलेला. सांगलीच्या मार्केट यार्डात बाहेरगावच्या व्यापाऱ्यांसाठी गूळ पारखून घ्यायचं हे त्यांचं काम. सौदा निघाला की रांगेनं मांडलेल्या ढेपांमधून चालायचं, एखाद्या ढेपेचा कोपरा अंगठ्यानं मोडायचा, चुरा बोटांत चोळायचा, वास घ्यायचा आणि शेवटी कणभर जिभेवर ठेवायचा. चुना किती पडलाय, पाक उतरवायला उशीर झालाय का, ऊस नदीकाठचा की माळावरचा, हे त्या कणातून त्यांना कळायचं. गेल्या वर्षी दवाखान्यातून सुटताना नूरजहांनं त्यांचा हात आपल्या डोक्यावर ठेवून कसम घ्यायला लावली, की परत गूळ जिभेला लावायचा नाही. त्यांनी कसम घेतली. आता अंगठ्यावर आणि नाकावर भागवतो, म्हणाले. तिनं घरातला गूळ शेजारणीला देऊन टाकला आणि गूळ पारखणाऱ्याच्या घरात गुळाचं नाव उरलं नाही. पण ती विचार करायची, ज्या माणसानं चाळीस वर्षं दिवसातून शंभर वेळा जिभेवर कण ठेवला, त्याची जीभ एका कसमेवर गप्प बसेल? कुणाची बसते?

दवाखान्याची ती गोष्ट तिनं कुणाला पुरती सांगितली नव्हती. चांदसाहेबांना ताप आला होता, जेवण जात नव्हतं, म्हणून जेवणच नाही तर सुई कशाला असं म्हणून त्यांनी इन्सुलिन बंद केलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या तोंडाला वास यायला लागला. सडक्या फळासारखा, गोडसर, डोक्यात जाणारा. नूरजहांनं तो वास घेतला आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. ह्या वयात बाटलीला लागला का हा माणूस? तापाचं सोंग करून पडलाय का? ती दिवसभर त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही. भांडी आपटली, खाटेखाली वाकून पाहिलं, त्यांच्या कोटाचे खिसे चाचपले. संध्याकाळी त्यांचा श्वास भात्यासारखा चालायला लागला तेव्हा तिनं शेजाऱ्यांना हाका मारल्या. डॉक्टरनं तिला नीट समजावून सांगितलं होतं. साखर रक्तात पडून राहते, आत पेशींत शिरत नाही. मग शरीर आपलीच चरबी जाळायला घेतं, त्यातून कीटोन तयार होतात, ते साचले की रक्त आंबतं, माणूस जातो. "थोडे कीटोन उपाशी माणसाच्या रक्तातपण दिसतात, त्याला घाबरायचं नाही, पण साखर जास्त आणि कीटोनपण जास्त, असं झालं की थांबायचं नाही," असं ते म्हणाले होते. तिच्या लक्षात राहिलं ते फक्त 'थांबायचं नाही'. आपण थांबलो, एवढंच तिला आतून डसत राहिलं. शोएबनं साखर आणि कीटोन दोन्ही मोजणारं यंत्र आणलं तेव्हा तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं आणि मनाशी ठरवलं, आता डोळ्यात तेल घालून बसायचं. ज्या संशयानं नवऱ्याला मरणाच्या दारात नेलं होतं त्या संशयाला तिनं दोष दिला नाही. आपण पुरेसा संशय घेतला नाही, असं तिला वाटलं.

तिचा बाप कवठे महांकाळचा मणेर होता. बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन गावोगाव फिरायचा आणि लहानपणी ती त्याच्याबरोबर जायची. बायकांचे हात दाबून, अंगठ्याचं हाड आत वळवून बांगडी कशी चढवायची, ते त्यानं तिला शिकवलं होतं. तो म्हणायचा, ज्या बाईच्या मनात काही नसतं तिचा हात पिठाच्या गोळ्यासारखा हातात येतो, आणि जिच्या घरात काही बिनसलंय तिचा हात आधीच ताठ. त्यामुळं हात हातात आला की नूरजहां तो नकळत दाबून बघायची. चांदसाहेबांचा हात सकाळी सैल असायचा. वजू करून, थंड पाण्यानं कोपरापर्यंत धुवून आलेला, ओलसर, कसल्याच वासाचा नाही असा हात. संध्याकाळी तोच हात ताठ. ती सुई टेकवायच्या आधीच बोट आकसायचं. म्हणून तिनं एक युक्ती काढली. ते आत येऊन बसायच्या, नळावर जायच्या आधी, दारातच त्यांना धरायचं. नळावर जाऊन ते काय करतील ह्याचा नेम नव्हता. चूळ भरतील, पाणी ढोसतील, एखादी जादा गोळी घेतील आणि मग साळसूदासारखे बोट पुढं करतील. "अगं, हात तरी धुवू दे," ते म्हणायचे. "धुवा की मग," ती म्हणायची, "हितं स्पिरिट हाय." आणि स्पिरिटचा बोळा बोटावरून फिरवून, बिस्मिल्ला म्हणून ती सुई टोचायची. हात उजवाच धरायची. चांगलं काम डाव्या हाताला करायची तिला सवय नव्हती. आणि आकडा चढलेलाच यायचा. कधी दोनशे सत्तर, कधी साडेतीनशे. सकाळी घरात असताना औलिया आणि संध्याकाळी बाजारातून येताना चोर, असा हा माणूस झाला होता.

थंडी पडली, गुळाची आवक वाढली, यार्डात गाड्यांवर गाड्या लागायला लागल्या आणि चांदसाहेब बदलले. आठवड्यातून एखाद-दोनदा ते सकाळचा नाष्टा नको म्हणायला लागले. "सौदा लवकर हाय. डब्यात दे, दुपारी खातो." डबा रिकामा यायचा, चाटूनपुसून रिकामा, घासलेलासुद्धा. तिच्या हातच्या भाकरीचा कोरभर तुकडा शिल्लक ठेवणारा माणूस आता भाजीचा थेंब शिल्लक ठेवत नव्हता. आणि तरी बारीक होत चालला होता. खातो सगळं, शिवाय वर काही, आणि अंगाला लागत नाही? तिनं रात्री त्यांच्या सदऱ्याच्या बाह्यांचा वास घेऊन पाहिला. सगळीकडं गूळ. पण तो तर लग्नाच्या पहिल्या रात्रीपासून होता. त्या रात्री तिला वाटलं होतं, ह्या घरात आपल्याला आयुष्यभर गोडधोडाच्या वासात झोपायचंय, आणि ती अंधारात एकटीच हसली होती. पुढं तो वास येईनासा झाला. माणूस रोज ज्या वासात राहतो तो त्याला येत नाही. आता तो सदरा नाकाला लावताना तिला वाटलं, आपण ह्या माणसाबद्दल काय काय हुंगायचं विसरलोय कोण जाणे. उपाशीपोटी बाहेर पडायचं, पोटात जागा ठेवायची आणि दिवसभर ढेपांमधून फिरत कण कण जिभेवर. असंच असणार. दुसरं काय असणार?

एकदा ती रिक्षा करून यार्डात गेली. बुरख्यातली बाई कुणाची, हे तिथं कोण विचारतंय. हळदीच्या पोत्यांच्या थप्पीआड ती उभी राहिली. हळदीच्या धुळीनं तिच्या घशात खवखवत होतं, शिंक दाबून दाबून डोळ्यांना पाणी आलं होतं. समोर गुळाचा सौदा चालला होता. चांदसाहेब पाठमोरे होते. ढेपेजवळ वाकले, कोपरा मोडला, तीन बोटांत चुरा चोळला. किती जपून चोळत होते! एवढ्या जपून त्यांनी तिचा हात कधी धरला होता? मग बोटं नाकाकडं गेली. नाकाशी थांबली. आता ती खाली येणार, बोटभर अंतर, आणि तेवढ्यात पोती भरलेला टेम्पो मागं घेत घेत मधे आला. ड्रायव्हर शांतपणे मान बाहेर काढून "येऊ द्या, येऊ द्या" करत राहिला. टेम्पो सरकला तेव्हा चांदसाहेबांचा हात धोतराला पुसला जात होता. खाल्लं? का नाही खाल्लं? सगळ्या जगात फक्त तो टेम्पो तिच्याविरुद्ध उभा राहिला होता. चरफडत ती मागं वळली आणि नळावर तिला धनाजी दिसला. धनाजी हमाल तिच्या माहेरच्या गावचा, म्हणून तिला आक्का म्हणायचा. तो तिचा डबा घासत होता.

"धना, तू कसा काय डबा घासतुयास रं?"

तो दचकला. बुरख्याआडचा आवाज त्यानं ओळखला. "आक्का! तुमी कवा आला?"

"खरं सांग. सायेब गूळ खात्यात का?"

धनाजीनं डब्याच्या झाकणावरची राख उगीचच परत चोळली. "मला नगा इचारू आक्का. मी त्यास्नी जबान दिलीया."

"कसली जबान?"

"न्हाई सांगायचं म्हून. तुमी जावा घरला."

ह्याहून जास्त तिला ऐकायचं नव्हतं. घरी येताना रिक्षात तिला हसू फुटत होतं आणि रडूही येत होतं. पकडला, असं तिला वाटत होतं. रडू ह्याचं, की तिनं मनातल्या मनात, कुठंतरी तळाशी, धनाजी "न्हाई आक्का, शपथ न्हाई" असं म्हणेल असं धरून ठेवलं होतं. नवरा चोर निघावा असं कुणाला वाटतं? पण चोर आहे हे एकदा कळलं की निदान राखण करता येते. त्या दिवसापासून तिनं विचारायचंच सोडलं. दारात धरायचं, बोळा फिरवायचा, टोचायचं, आकडा शोएबला सांगायचा, तो म्हणेल तेवढी सुई. मधे एकदा पहाटे त्यांना दरदरून घाम सुटला, हात कापत होते. "काय होतंय?" तिनं विचारलं. "काय न्हाई," ते म्हणाले आणि कूस वळवली. तेही तिच्याकडं आता तिरक्या नजरेनं बघायला लागले होते. ती पाणी घेऊन आली की आधी पेल्यात बघायचे, मग प्यायचे. एका घरात दोन माणसं एकमेकांवर पाळत ठेवून राहत होती आणि मधे ते पांढरं यंत्र होतं. दोघांनाही फक्त त्याच्यावर भरवसा.

त्या गुरुवारी चांदसाहेब नाष्टा न करता गेले आणि दिवस मावळायच्या जरा आधी आले. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले. ती दारातच होती. त्यांनी मुकाट्यानं उजवा हात पुढं केला. तिनं टोचलं. चारशे चाळीस. एवढा आकडा कधी आला नव्हता. शोएबनं बजावून ठेवलं होतं की चारशेच्या वर गेली की कीटोनची पट्टीही लावायची. ती पट्टी तिनं कपाटातून काढली, ते बोट परत पिळलं. कीटोन दीडच्या वर. साखर जास्त आणि कीटोनपण जास्त. तिच्या कानात श्वासाचा भाता चालू झाला. त्यांच्या तोंडाजवळ नाक नेलं. वास येत होता. पुसट, गोडसर. तोच तो.

"अम्मी, ऐक," शोएब फोनवर ओरडत होता, "हे गेल्या सालासारखंच दिसतंय. लगेच सुई दे. वीस युनिट दे. साखर उतरल्याबिगर खायाला काय द्यायचं न्हाई, निस्तं पानी पाज. तासाभरात उतरली न्हाई तर दवाखान्यात न्यायचं. मी निघतोच हितनं."

तिनं सुई भरली. चांदसाहेब भिंतीला टेकून बसले होते आणि तिच्या हाताकडं बघत होते.

"लय हाय न्हवं ती?"

"आता इचारताय? खाताना इचारलंसा?"

त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्या मिटण्यात तिला सगळा गुन्हा दिसला. तिनं सदरा वर करून पोटात सुई दिली. ते म्हणाले, "नूर, जरा हात-पाय धुतो." ती म्हणाली, "गप बसा जाग्यावर." ते म्हणाले, "मग पानी तरी दे." तिनं पाणी आणून दिलं, ते त्यांनी तोंडाला लावलं नाही. पेला मांडीवर धरून बसले आणि बाहेर कान देऊन काहीतरी ऐकायला लागले. कुणाची वाट बघतोय हा? धनाजी काही घेऊन येणार आहे काय? तिनं दार लावून कडी घातली. मशिदीवरचा भोंगा खरखरला, मगरिबची, मावळतीच्या नमाजाची अजान सुरू झाली, आणि चांदसाहेबांचे ओठ हलले. त्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडं गेला. तिनं पाहिलं. तिनं पाहिलं हे त्यांनीही पाहिलं आणि हात परत मांडीवर आला. पाणी मात्र ते प्यायले, एक एक घोट, डोळे मिटून. खिशात आहे तर! ती त्यांच्या समोर पाटावर बसली, पहारा द्यावा तशी, आणि वाट बघू लागली. अजान संपली. बाहेर पोरं खेळत होती, कुणाच्या तरी घरात लसूण परतल्याचा वास सुटला होता. मगरिब चुकवू नये म्हणून चांदसाहेब हळूच उठले, मोरीकडं दोन पावलं टाकली आणि उभ्या उभ्या खाली बसले. भिजलेलं पोतं बसावं तसे.

कपाळावर घामाचे थेंब होते. बघता बघता सदरा पाठीला चिकटला. "आवं," ती म्हणाली, "आवं, काय होतंय?" ते तिच्याकडं बघत होते पण तिला बघत नव्हते. हात थंडगार, बोटं नाचत होती. ही साखर चढल्याची लक्षणं नव्हेत, गेल्या वर्षी असा घाम नव्हता, तेव्हा कातडी कोरडी ठणठणीत होती. हे तिला कळत होतं आणि तरी तिचा हात त्यांच्या खिशात गेला. सापडू दे एकदाचं. वर्तमानपत्राची पुडी होती. तिनं ती ओढून काढली, कागद फाडला. आत एक खजूर होता.

ती तो खजूर हातात धरून बसली. एकच. बी काढलेला. बाजारातून उगाच खाण्यासाठी कुणी एक खजूर पुडीत बांधून आणत नाही. अजानची वाट बघणं, हातात धरलेलं पाणी, हललेले ओठ, न केलेला नाष्टा, धनाजीनं घासलेला डबा, त्यानं दिलेली जबान. आत कुणीतरी एकामागून एक दिवे लावत गेल्यासारखं तिला झालं आणि प्रत्येक दिव्यासरशी ती ओशाळत गेली. गेल्या रमजानमध्ये डॉक्टरनं रोजे धरू नका म्हणून सांगितलं होतं आणि तिनं त्यांना एकही धरू दिला नव्हता. त्याच्या बदल्यात गरिबाला जेवू घाला, झालं, असं ती तोडून म्हणाली होती. आठ वर्षांचे असल्यापासून ज्यांनी एक रोजा चुकवला नव्हता, ते तेव्हा 'काय न्हाई' म्हणून गप्प बसले होते. आता थंडीचे लहान दिवस बघून ते राहिलेले रोजे फेडत होते. आणि तिचा डबा धनाजीला जेवू घालत होते, म्हणजे तिचंही ऐकल्यासारखं झालं. हा माणूस चोरून खात नव्हता. चोरून उपाशी राहत होता.

कीटोन उपाशीपणाचे होते. मग ते चारशे चाळीस कुठून आले? तिनं त्यांचा उजवा हात धरला, तर घामानं भिजलेली बोटं तिच्या बोटांना चिकटली. सोडवली, तर चिकट आवाज झाला. तिनं आपली बोटं नाकाला लावली, मग जिभेला. गोड. गोडमिट्ट. दिवसभर ढेपा मोडून, चुरा चोळून त्या कातडीत, नखात, भेगांत गूळ बसला होता, स्पिरिटच्या बोळ्यानं तो निघत नव्हता. रोज संध्याकाळी ती रक्ताबरोबर तो गूळच यंत्राला पाजत होती. आणि हात धुतो म्हणणाऱ्याला धुऊ देत नव्हती. तिनं भिंतीजवळचा पेला घेतला, उरलेल्या पाण्यानं त्यांचा डावा हात धुतला, पदरानं पुसला, तिचे स्वतःचे हात पुसले आणि डाव्या हाताला सुई टोचली. बेचाळीस. साखर चढली नव्हती, पार उतरली होती. वीस युनिट अजून आत काम करतच होते.

ती उठली ती थेट तांदळाच्या डब्याकडं. कोपरापर्यंत हात घातला आणि तळातून फडक्यात बांधलेला खडा काढला. शेजारणीला सगळा गूळ देताना तिनं आपल्या चहापुरता तेवढा मागं ठेवला होता. ते बाजारात गेले की ती रोज कोपरा मोडायची. घरात चोरून गूळ खाणारं माणूस होतंच, आणि त्याला शोधायला यार्डात जायची गरज नव्हती. तिला हसू आलं असतं, पण घाईत पेल्यात गूळ कुस्करताना निम्मं पाणी सांडलं.

पेला ओठाला लागला आणि चांदसाहेबांनी मान फिरवली. त्यांना वास आला होता. दात गच्च मिटले.

"प्या की. आवं, प्या."

"न्हाई." जीभ जड झाली होती. "परीक्षा बघतीस व्हय माझी?"

"न्हाई वं! खरंच प्या."

"कसम हाय. तुझ्या डोक्यावर..." ते तिच्याकडं अशा नजरेनं बघत होते की ती नजर तिला ओळखीची वाटली. ती तिची स्वतःचीच होती. "प्यालो की म्हनशील, सापडला."

तिनं त्यांची हनुवटी धरली, गाल दाबले. त्यांनी पेल्याला हात मारला. अजून थोडं सांडलं. तळाशी जेवढं होतं तेवढं तरी आत जायला हवं होतं. डोळे मिटायला लागले होते. आपण आत्ता काहीही म्हटलं तरी हा माणूस विश्वास ठेवणार नाही, आणि का ठेवावा, तिच्या मनात आलं. मग ती त्यांच्या कानाशी वाकली.

"अजान झालीया," ती म्हणाली. "रोजा सोडा."

त्यांनी डोळे उघडले. थोडा वेळ लागला. मग कुणी लहान पोर आ करतं तसं त्यांनी तोंड उघडलं. तिनं पेला लावला. एक घोट, दुसरा घोट. तिसऱ्या घोटाला त्यांचा चेहरा बदलला. वर्षभरानं जिभेवर गूळ आला होता. भुवया उंचावल्या, गाल आत ओढले गेले, ओठ थरथरले आणि डोळ्यांच्या कडांतून पाणी वाहायला लागलं. असा चेहरा करून दाखवता येत नाही. कालपरवा चोरून खाल्लेल्याचा तो चेहरा नव्हता. कुठल्याही यंत्रानं तिला हे सांगितलं नसतं, आणि वर्षभर त्यांच्या तोंडाकडं बघत असूनही तिनं त्यांचा चेहरा एकदाही पाहिला नव्हता. तिनं खजूर मोडून त्यांच्या तोंडात घातला. ते चावत राहिले, सावकाश. ती त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली, दुसरा पेला भरून पाजला, आणि हळूहळू बोटांचं नाचणं थांबलं, हातात ऊब आली. तो हात आता तिच्या हातात अगदी सैल पडला होता.

यंत्र शेजारीच होतं. तिचा हात तिकडं गेला आणि थांबला.

"कसं वाटतंय?" तिनं विचारलं.

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. ह्या प्रश्नात काय आहे, ते तपासत असावेत. वर्षभरात तिनं तो विचारला नव्हता. किती आली, एवढंच विचारलं होतं.

"खरं सांगू?"

"सांगा."

"भूक लागलीया, नूर," ते म्हणाले. "लय भूक लागलीया."

फोन वाजत होता. तिनं तो डाव्या हातानं उचलला. मागं एसटीचा आवाज येत होता, आणि शोएब ओरडून विचारत होता, "अम्मी, किती आली? आकडा सांग! अम्मी, आकडा किती?"

"भूक लागलीया त्यास्नी," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.